समुद्रकाकडीचा वंश

श्रोतेहो, समुद्रकाकडी हे नाव ऐकून आपल्याला भाजी आठवली असेल. पण हा समुद्रतळाशी राहणारा, वाळू गिळून तिच्यातले अन्नकण पचविणारा बिनकण्याचा प्राणी आहे. तामिळनाडूचे कोळी त्याला ‘कडल अट्टै’, म्हणजे समुद्रातली जळू म्हणतात.

भारत व श्रीलंका यांच्यामधल्या मन्नारच्या आखातात कोळी बुड्या मारून समुद्रकाकड्या वेचीत. आपल्याकडे त्या कोणी खात नाही; उकडून, वाळवून त्या परदेशी जात. चिनी माणसाला तो मोठा मेवा! मागणी वाढली तशी लहान पिल्लेही वेचली जाऊ लागली. तेव्हा १९८२ साली सरकारने तीन इंचांहून लहान मालाच्या निर्यातीस बंदी केली.

पिल्ले वाचली की वंश वाचला, असे आपल्याला वाटेल. पण याची वीण निराळी. नर-मादी वेगळे, मात्र बाहेरून ओळखू येत नाहीत. त्यांचे मीलन होत नाही. मन्नारमध्ये मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे विणीचे मुख्य हंगाम. नर अंग उभारून डोलतो नि शुक्रबीज पाण्यात सोडतो. त्याची चाहूल लागून मादी लाखो अंडी सोडते. दोहोंची गाठ पडायची ती पाण्यातच.

१९८८ साली तुतिकोरिन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या डॉ. डी. बी. जेम्स व सहकाऱ्यांनी टाकीतले पाणी थोडे ऊन करून अशी वीण घडवून आणली. अंड्यातून निघालेली पारदर्शक अळी सुमारे दोन आठवडे तरंगते, रूपे पालटते आणि मग तळाशी बसते.

शेतात मक्याचे एकटेच ताट उभे असले, तर कणसात दाणे विरळ भरतात, हे आपण पाहिले असेल. इथेही तेच. चार समुद्रकाकड्या उरल्या, पण लांब लांब उरल्या, तर लाखो अंडी फुकट जातात. नुसते मोठे होऊन भागत नाही, शेजारही लागतो.

२००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याखाली समुद्रकाकडी पकडण्यास पूर्ण बंदी झाली. प्राण्याला आसरा मिळाला, पण बुड्या मारणाऱ्या कोळ्यांची रोजी गेली. पलीकडे श्रीलंकेत मात्र परवाना घेऊन हा धंदा चालतो. चोरटा व्यापारही थांबलेला नाही.

शिक्षकबंधूंनो, मुलांना हा इतिहास सांगाल तेव्हा कायद्याआधी वीण सांगा. किती वेचावे एवढेच नव्हे, तर किती आणि किती जवळ राहू द्यावे, हाही हिशेब आहे. तो आधी मांडला असता, तर कदाचित कोळ्याचे पोट आणि प्राण्याचा वंश, दोन्ही राखता आले असते.