पायली गेली, काटा आला, आता मीटर! शेतमालाच्या मापाची कहाणी



'मापात पाप' हे शब्द आपल्याकडे उगाच रूढ झालेले नाहीत. माल पिकवण्यात हंगाम जातो, मोजण्यात घटकाभर. पण त्या घटकाभरात हंगामाची कमाई ठरते. म्हणून माल मोजण्याच्या रीती कशा बदलत गेल्या आणि आपण त्यातून काय घ्यायचे, ते आज पाहू.

पायलीचा काळ

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी गावात धान्य बहुधा मापानेच दिले-घेतले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. इथवर हिशेब सरळ. पुढे मात्र मण कुठे बारा पायल्यांचा, तर कुठे सोळा पायल्यांचा! पायलीसुद्धा सगळीकडे सारखी नसे. त्यात मापावर धान्याचा ढीग चढवला तर ते शिगेचे माप, वरून हात फिरवला तर सपाट माप. शिगेने घ्यायचे आणि सपाट द्यायचे, यात कुणाचे भले होई ते सांगायला नको.

पण मापणारा अगदी सचोटीचा असला तरी पायलीत एक खोट होतीच. पायली मोजते ती जागा. त्या जागेत दाणे असतात, तशी दाण्यांमधली हवाही असते. शंभर लिटरच्या पिंपात चांगला गहू ७५ ते ८० किलो मावतो, भात साधारण ५५ ते ६० किलो आणि सूर्यफूल ४० किलोच्या आसपास. एकाच जातीचा गहू घेतला तरी टपोरा दाणा जास्त भरतो, सुरकुतलेला कमी. माप हलवून, ठोकून भरले तर त्यात आणखी दाणे बसतात. म्हणजे पायली तीच, पण माल वेगळा. ठरावीक जागेत किती वजन मावते, हा धान्याचा एक भौतिक गुण आहे आणि गव्हाची प्रत ठरवताना तो आजही पाहतात.

काटा आला

बाजाराला शिस्त लावण्याची सुरुवात आपल्या वऱ्हाडातच झाली. १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२८ साली शाही कृषी आयोगाने अहवाल दिला. त्यातही खोटी वजने-मापे आणि मनमानी कपात यांची दखल घेतलेली आहे. मुंबई प्रांतात शेतमाल बाजाराचा कायदा १९३९ साली आला.

तरी शेर आणि मण यांचा घोळ उरलाच होता. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम आणि चाळीस शेरांचा मण म्हणजे ३७ किलो ३२४ ग्रॅम, हे सरकारी प्रमाण झाले. गावोगावचे प्रमाण निराळेच. शेवटी १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोची वजने येऊ लागली आणि १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. किलो आणि क्विंटल सगळीकडे एकच. शिगेचा वाद मिटला.

पण बघा, भांडण मिटले नाही, त्याने फक्त जागा बदलली. पायलीत हवा मोजली जात होती, काट्यावर पाणी मोजले जाऊ लागले. ओल्या दाण्याचे वजन जास्त भरते. मग घेणारा म्हणणार, 'माल ओला आहे, कपात करा.' त्याची काळजी अगदीच खोटी नसते. ओले धान्य थप्पीत तापते आणि त्याला बुरशी लागते. पण ओलावा किती, हे ठरवायचे कुणी? दाताखाली दाणा फोडून?

पाणी मोजण्याची युक्ती

हाच प्रश्न अमेरिकेत मक्याच्या व्यापारात उभा राहिला. ओला मका साठवणीत आणि बोटीने परदेशी जाताना खराब होई. दाणे भट्टीत सुकवून आधीचे आणि नंतरचे वजन घ्यायचे, ही खात्रीची रीत. पण तिला फार वेळ लागे. १९०७ साली तेथील कृषी खात्यातील ब्राउन आणि डुव्हेल यांनी एक यंत्र केले. त्यात दाणे तेलात तापवत, निघालेली वाफ थंड करून पाणी काचेच्या नळीत धरत आणि नळीवरच्या खुणांवरून ओलावा वाचत. पुढल्याच वर्षी, १९०८ साली, लायमन ब्रिग्ज यांनी दाखवले, की गहू जितका ओला तितकी त्यातून वीज सहज जाते. आज बाजारात दिसणाऱ्या ओलावा-मीटरांचे मूळ दाण्याच्या अशाच विजेच्या गुणांत आहे. मीटर पाणी बघत नाही. तो विजेचा गुण मोजतो आणि त्यावरून ओलाव्याचा आकडा सांगतो.

कपातीचा हिशेब

हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४ च्या खरिपात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. १२ टक्के ओलावा म्हणजे १०० किलो मालात १२ किलो पाणी.

समजा, तुमचा माल १० क्विंटल आणि ओलावा १५ टक्के आहे. म्हणजे १५० किलो पाणी आणि ८५० किलो कोरडा माल. हा माल १२ टक्क्यांवर सुकवला, तर ८५० ला ८८ ने भागून १०० ने गुणायचे. उत्तर येते सुमारे ९६६ किलो. म्हणजे पाण्यापोटी खरी घट ३४ किलो. ओलावा १८ टक्के असेल तर घट सुमारे ६८ किलो. कपात याहून जास्त होत असेल तर 'हे कशाचे?' असे विचारायला लाजू नका.

मीटरपुढे उभे राहताना

१. नमुना एकाच पोत्याच्या तोंडचा नको. निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून घेऊन एकत्र करावा. तीन वेळा मोजून सरासरी धरावी.

२. मीटर त्याच पिकासाठी लावलेला आहे ना, ते पाहावे. गव्हाच्या खुणेवर सोयाबीन मोजले तर आकडा चुकतो.

३. उन्हातून नुकताच उचललेला गरम माल लगेच मोजू नये. उष्णतेने आकडा बदलतो. माल सावलीत निवू द्यावा.

४. दव पडलेला किंवा वरवर सुकलेला माल मीटरला फसवतो. सुकवताना माल वरखाली करत राहावे.

५. घरी अंदाज घ्यायचा असेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत धान्य आणि कोरडे मीठ घालून हलवावे व थोडा वेळ ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे असे समजावे. ते धान्य साठवू नये, आणखी वाळवावे.

बंधूंनो, पायली गेली, मण गेला, उद्या हा मीटरही बदलेल. साधन कोणतेही येवो, ते नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही, हे ज्याला कळते त्याची फसवणूक करणे अवघड असते. म्हणून माल गाडीत भरण्यापूर्वी तो घरच्या काट्यावर तोला, शक्य असेल तर ओलावाही तपासा, दोन्ही आकडे वहीत लिहा आणि ती वही बाजारात सोबत न्या.