तळटीप १२ : झिप, टार आणि फाइलींची नावे

१२. ‘झिप केलेली फाइल कुठेही उघडते’ हे लेखकाचे विधान आतल्या मजकुरापुरते खरे आहे. फाइलच्या नावाबद्दल तशी खात्री देता येत नाही. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये झिपची रचना सर्वांसाठी खुली केली, म्हणूनच ती डॉसवरून युनिक्स, विंडोज आणि मॅकपर्यंत पोहोचली. पण तिचा पिंड डॉसचाच होता. फाइलची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदली जाई आणि नावांसाठी आयबीएम पीसीची २५६ चिन्हांची सारणी गृहीत धरलेली असे. त्या सारणीत देवनागरी नव्हतीच. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारी खूण झिपच्या अधिकृत रचनेत आली ती २००६ मध्ये. ही खूण न पाळणारी साधने मराठी नावांचा पार विचका करतात.

मग युनिक्सचे टार का वापरू नये, असा आक्षेप येईल. टार मालकी आणि परवानग्या अधिक चोख जपते, आणि त्याचा पॅक्स हा विस्तार नावे यूटीएफ-८ मध्ये ठेवतो, हे मान्यच. तरीही विंडोज एक्सपीतसुद्धा झिप वेगळ्या साधनाशिवाय उघडत असे. टारला ती सोय फार उशिरा मिळाली. म्हणून लिनक्समधून लिनक्समध्ये नेताना टार, आणि पलीकडची प्रणाली ठाऊक नसताना झिप, हाच विवेक योग्य. मात्र मराठी दस्तऐवज जपणाऱ्या संस्थांनी संग्रह दुसऱ्या प्रणालीवर उलगडून नावे तपासल्याशिवाय मूळ प्रत कदापि पुसू नये. — संपादक