दुचाकीला एलईडी हेडलाइट बसवताना

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांतील दुपदरी रस्त्यांवर रात्री दुचाकी चालवणे ही कसोटी ठरते. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, संथ चाललेल्या बैलगाड्या, त्यांतील कित्येकांच्या मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. आणि समोरून येणाऱ्या वाहनांचे डोळे दिपवणारे झोत. अशा वेळी आपल्या गाडीचा पिवळसर, मिणमिणता दिवा बदलून पांढराशुभ्र एलईडी बसवावा असे चालकाला वाटणे स्वाभाविकच आहे. हे दिवे आता तालुक्याच्या गावातील ऑटो पार्ट्सच्या दुकानांतही सहज मिळतात आणि गॅरेजमध्ये दहा-पंधरा मिनिटांत बसवूनही मिळतात. मात्र दिव्याचा प्रकाश वाढणे आणि रस्ता नीट दिसणे या भिन्न गोष्टी आहेत. प्रकाश किती यापेक्षा तो कोठे पडतो याला अधिक महत्त्व आहे आणि नेमके तेच पाहायचे बहुधा राहून जाते.

त्यासाठी जुना दिवा कसा काम करतो हे आधी समजून घेणे इष्ट. भारतातील १०० ते १५० सीसीच्या अनेक दुचाकींत एचएस१ प्रकारचा ३५/३५ वॉटचा हॅलोजन बल्ब असतो. रॉयल एन्फिल्डच्या अनेक मॉडेलांत ६०/५५ वॉटचा एच४ असतो. दोन्ही बल्बांत दोन तारा असतात. अपरची तार रिफ्लेक्टरच्या नाभीपाशी असल्याने तिचा प्रकाश सरळ लांबवर जातो. डिपरची तार नाभीच्या थोडी पुढे असते आणि तिच्या खाली धातूची चिमुकली वाटी असते. ही वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडलेला प्रकाश खाली वळून रस्त्यावर उतरतो. समोरच्याच्या डोळ्यांत झोत जाऊ न देण्याचे काम मिलिमीटरच्या हिशेबाने बसवलेली ही तार आणि वाटी करीत असतात.

एलईडी बल्बमध्ये तार नसते. एका पातळ धातूच्या पट्टीच्या दोन्ही अंगांना प्रकाश देणाऱ्या चिप असतात. या चिप मूळ तारेच्या जागी, तेवढ्याच लांबीच्या असतील आणि डिपरच्या चिपखाली वाटीसारखा आडोसा असेल, तरच रिफ्लेक्टर त्यांचा प्रकाश पूर्वीसारखा आखीवपणे टाकू शकतो. पट्टी जाड असेल किंवा चिप पुढे-मागे असतील, तर प्रकाश विखुरतो. गाडीपुढील दहा-बारा मीटर रस्ता लख्ख उजळतो, झाडांच्या फांद्याही उजळतात, आणि जेथे पाहायला हवे त्या पन्नास मीटरवर पूर्वीपेक्षाही अंधार राहतो. चालकाला वाटते, प्रकाश वाढला. जवळचा रस्ता झगझगीत झाल्याने बुबुळ आकसते आणि दूरचे आणखीच दिसेनासे होते, हे त्याच्या लक्षात येत नाही. बल्ब व रिफ्लेक्टर ही जोडी एकत्रच तपासावी लागते. जर्मनीने २०२० मध्ये हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या काही एलईडी बल्बांना रस्त्यावर परवानगी दिली, तीही सरसकट नव्हे, तर ज्या वाहनांच्या ज्या दिव्यांत ते तपासले गेले तेवढ्यांनाच.

खोक्यावरील आकड्यांविषयी थोडे सावध राहावे. एचएस१ हॅलोजनचा प्रकाश प्रमाणानुसार अपरला सुमारे ८२५ आणि डिपरला ५२५ ल्युमेन असतो. चांगला पांढरा एलईडी एका वॉटमागे साधारण शंभर ते दीडशे ल्युमेन देतो. म्हणजे २० वॉटच्या बल्बकडून दोन-तीन हजारांहून अधिक ल्युमेनची अपेक्षा करता येत नाही. खोक्यावर वीस हजारांचा आकडा छापलेला असेल, तर तो बल्ब परत ठेवलेला बरा. रंगाचेही तसेच. हॅलोजनचा रंग सुमारे ३२०० केल्विन, तर बाजारातील बहुतेक एलईडींचा ६००० ते ६५०० केल्विन असतो. निळसर छटेचा प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांना अधिक टोचतो. म्हणून ५००० केल्विनच्या आसपासचा दिवा मिळाल्यास तो घ्यावा.

बल्बऐवजी लेन्ससह संपूर्ण एलईडी दिवा घेणे हा अधिक खर्चाचा, पण पुष्कळदा अधिक चांगला मार्ग. त्यात रिफ्लेक्टर किंवा भिंग त्याच चिपसाठी घडवलेले असते. येथे एक खाचखळगा आहे. अशा दिव्यांचा डिपर अनेकदा एका बाजूला किंचित वर चढणारा असतो, जेणेकरून रस्त्याच्या कडेचे पादचारी व फलक दिसावेत. भारतात वाहने डावीकडून चालतात, म्हणून हा चढ डावीकडे हवा. चीन, अमेरिका किंवा युरोपातील बहुतेक देशांसाठी बनवलेल्या दिव्यात तो उजवीकडे असतो, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांकडे. हा दोष कोणत्याही स्क्रूने दूर होत नाही.

कायद्याची बाजूही माहीत असावी. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरफारांविषयी आहे. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. बल्बचा उल्लेख नोंदणीपत्रात कोठे असतो, असा युक्तिवाद गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतो. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम झोतालाच लागू आहे. दिव्यापासून आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवणार नाही इतका झोत खाली वळलेला असला पाहिजे, असे तो सांगतो. तेव्हा गाडीच्या उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी एलईडी दिवा दिलेला असेल, तर पहिली पसंती त्याला द्यावी.

बसवण्यातील खरी अडचण विजेची असते. जुन्या छोट्या दुचाकींत हेडलाइटला वीज बॅटरीतून न मिळता मॅग्नेटोच्या कॉइलमधून थेट, म्हणजे एसी स्वरूपात मिळते. मूठ पिळली की हॅलोजन उजळतो आणि सोडली की मंदावतो, ही तिची खूण. इंजिन बंद असताना दिवा लागत नाही, ही मात्र पुरेशी खूण नव्हे. कारण १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींत इंजिन सुरू असेपर्यंत दिवा आपोआप पेटता राहतो आणि अनेक गाड्यांत इंजिन सुरू झाल्याखेरीज तो लागतच नाही, मग वीज डीसी का असेना. मल्टिमीटर लावून खात्री करावी. एसी विजेवर साधा एलईडी बल्ब फडफडतो आणि लवकर निकामी होतो. यावर काही जण दिव्याची तार थेट बॅटरीला जोडून मोकळे होतात. २० वॉटचा दिवा सुमारे दीड अँपिअर ओढतो. छोट्या गाडीची तीन अँपिअर-तासांची बॅटरी चार्जिंग अपुरे असल्यास दोन तासांत रिकामी होते. योग्य उपाय म्हणजे कॉइलचे चॅसीला जोडलेले टोक सोडवून दोन्ही टोके फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायरला देणे. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनचे आहे, फुटपाथवरचे नव्हे. एवढा खटाटोप नको असेल, तर एसी-डीसी दोन्हींवर चालणारा बल्ब मिळतो का ते पाहावे किंवा हॅलोजनवरच समाधान मानावे.

डीसी गाडीत काम सोपे असते. बॅटरीची ऋण तार सोडवावी, हेडलाइटची रिंग काढावी, मागील रबरी टोपी व होल्डर काढून जुना बल्ब बाहेर घ्यावा. नव्या बल्बची कॉलर आधी बसवून मग बल्ब त्यात घालावा. पट्टी उभी राहून चिपची तोंडे डावी-उजवीकडे यायला हवीत आणि डिपरची वाटी खालच्या अंगाला. बहुतेक बल्बांत कॉलरचा छोटा स्क्रू ढिला करून बल्ब फिरवता येतो, तो याचसाठी. चिपची तोंडे वर-खाली राहिली, तर झोताची कडा कधीच नीट येत नाही. एलईडी पुढच्या बाजूला उष्णता फेकत नसला, तरी त्याची चिप मागून तापते. पंखा किंवा ॲल्युमिनियमच्या पाकळ्या रबरी टोपीखाली कोंडल्या गेल्या, तर तो काही महिन्यांतच मंदावतो. टोपी काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पहिल्याच पावसात पाणी आणि धूळ आत शिरते. हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरील वाफ सुकत असे, एलईडीने ती सुकत नाही.

यानंतर सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम येते, ते म्हणजे झोत जुळवण्याचे. त्यासाठी सपाट जमीन, एक भिंत, खडू आणि मोजपट्टी पुरते. टायरमधील हवा योग्य असावी. गाडी भिंतीला भिडवून दिव्याच्या मध्याची उंची खडूने आखावी, मग गाडी सरळ पाच मीटर मागे घ्यावी. ती स्टँडवर न लावता चालकाने तिच्यावर बसून दोन्ही चाकांवर तोलावी आणि डिपर लावावा. प्रकाशाची वरची कडा खडूच्या रेषेखाली पाच ते साडेसात सेंटिमीटर यायला हवी. पाच सेंटिमीटर म्हणजे शेकडा एक उतार. दिवा ९० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर असा झोत ९० मीटरवर जमिनीला टेकतो. साडेसात सेंटिमीटरला ६० मीटरवर. ताशी ६० किलोमीटर वेगात धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंतचा दीड सेकंद आणि त्यानंतरचे थांबणे यांत पन्नासहून अधिक मीटर जातात. त्यामुळे झोत याहून फार खाली आणणेही योग्य नाही. उलट तो शेकडा एक इतका वर राहिला, तर ५० मीटरवर १४० सेंटिमीटर उंची गाठतो. समोरच्या दुचाकीस्वाराचे डोळे साधारण तेथेच असतात. तो दोन सेकंद दिपला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने ३३ मीटर आंधळेपणाने पुढे जातो आणि त्या ३३ मीटरांत दिवा नसलेली ट्रॉली असू शकते.

कडा वर-खाली करण्यासाठी बहुतेक गाड्यांत दिव्याच्या खाली किंवा मागे स्क्रू असतो. जुन्या गोल दिव्यांत दोन्ही बाजूंचे बोल्ट ढिले करून दिवाच वाकवावा लागतो. कडाच दिसत नसेल, नुसता धूसर गोळा दिसत असेल, तर स्क्रू फिरवण्यात अर्थ नाही. तो बल्ब त्या रिफ्लेक्टरसाठी नाही.

एकट्याने बसून जुळवलेला दिवा दोघे बसल्यावर बिघडतो, ही गोष्ट मॅकॅनिकही क्वचितच सांगतात. दुचाकीच्या दोन चाकांतील अंतर सुमारे १३० सेंटिमीटर असते. मागे कोणी बसल्याने मागचा भाग तीन सेंटिमीटर दबला, तर गाडी आणि दिवा शेकडा २.३ इतके वर झुकतात. खाली ठेवलेला शेकडा एकचा उतार जाऊन झोत तेवढाच, किंबहुना थोडा अधिक, वर चढतो. पत्नी-मुलांसह बाहेर पडणारे कुटुंब असो वा पहाटे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून निघणारा गवळी, त्यांचा डिपर समोरच्याला अपरसारखाच भासतो. मागील शॉकॲब्सॉर्बरची खाच भाराप्रमाणे वाढवणे हा उपाय बहुतेक गाड्यांत आहे आणि गाडीसोबत मिळालेल्या हत्यारांत त्याचा पाना असतो. रोज भारासहच फिरायचे असेल, तर भिंतीसमोरची मापेही तो भार ठेवूनच घ्यावीत.

शेवटी कोणाला तरी आठ मीटर पुढे, थोडे उजवीकडे उभे करून विचारावे. त्याला दिवा दिसावा, पण नजर वळवावी लागू नये. दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर कॉलर व स्क्रू पुन्हा तपासावेत, कारण खड्ड्यांच्या रस्त्यांवर ते सैल होतात. वायरिंगमध्ये बदल केलेला नसेल, तर काढलेला हॅलोजन बल्ब कागदात गुंडाळून सीटखाली ठेवावा. एलईडीचा ड्रायव्हर वाटेतच बंद पडला, तर तो पाच मिनिटांत परत बसतो. बसवताना त्याच्या काचेला बोटे लावू नयेत, हातरुमालाने धरावा.