सासूची कवळी

यंत्र म्हातारपणाने मरत नाही. एका दातापायी मरतं. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढला. तो रुसला की गल्लीतला मेकॅनिक तार वाकवून त्याला बोलता करी. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांत संगणक शिरले, मागोमाग करकरणारे डॉट-मॅट्रिक्स प्रिंटर. एचपीचा प्लॉटर तर सहा पेनं आलटूनपालटून आलेख काढी. पण यांची दातेरी चाकं प्लॅस्टिकची, रोलर रबराचे. प्लॅस्टिक तडकतं, रबर चिकट होतं. काशीदसारख्या किनाऱ्यावर खारा वारा उरलंसुरलं लोखंडही खातो. कंपनी म्हणते, "पार्ट बंद झाला, नवा प्रिंटर घ्या!"

आता हौशी मंडळी तुटक्या चाकाचे दात मोजून थ्रीडी प्रिंटरवर नवं चाक काढतात. म्हणजे सुनेनेच सासूला कवळी करून द्यायची! सून गुणाचीच, फक्त दात बसल्यावर सासूची करकर पुन्हा सुरू होते, एवढंच.