वावडे : उशिरा उमटणाऱ्या खुणेचा इतिहास

बोरिवलीस राहणाऱ्या आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेच्या चार वर्षांच्या मुलाला कोपराच्या लवणीत आणि गुडघ्यांमागे सतत खाज सुटे. अधूनमधून पोटही दुखे. एका प्रयोगशाळेने रक्त तपासून नव्वद पदार्थांची यादी दिली. त्यांतले सव्वीस तांबड्या रंगात होते. दूध, गहू, अंडे, केळे, शेंगदाणे, सारेच बंद झाले. सात महिने मुलाचे वजन वाढले नाही आणि शाळेतल्या वाढदिवसांना तो आपला डबा घेऊन वेगळा बसू लागला. पुढे एका बालरोगतज्ज्ञांनी तो कागद बाजूस ठेवून विचारले, "बंद केलेले पदार्थ एकेक करून पुन्हा देऊन पाहिलेत का?" कोणीच पाहिले नव्हते. ह्या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ शब्दांपासूनच करावा लागतो.

आपल्याकडे ह्या अनुभवासाठी 'वावडे' हा शब्द होता. आज तो बहुधा लाक्षणिक अर्थाने वाचनात येतो. कुणाला सत्याचे वावडे असते, कुणाला टीकेचे. मानवणे, बाधणे, सोसणे ही त्याच कुळातली क्रियापदे. त्यांच्या मागे आयुर्वेदातील सात्म्य-असात्म्याचा विचार आहे. चरकसंहितेतील 'ओकसात्म्य' म्हणजे सवयीने अंगवळणी पडलेले अन्न. मुलांच्या बाबतीत अडचण अशी, की ती बोलू शकत नाहीत. बालरोगांवरील काश्यपसंहितेत ह्यासाठी 'वेदनाध्याय' आहे. न बोलणाऱ्या बाळाच्या हालचालींवरून त्याचे दुखणे कसे ओळखावे, हा त्याचा विषय. नेपाळात सापडलेल्या खंडित पोथीवरून हा ग्रंथ १९३८ साली मुंबईच्याच निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला, हे आम्हां मुंबईकरांना विशेष वाटावे.

'ॲलर्जी' हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांनी घडविला. ग्रीक भाषेतील 'अन्य' आणि 'कार्य' ह्या अर्थांच्या दोन शब्दांचा तो जोड आहे. घोड्याच्या रक्तातील लस टोचलेल्या मुलांना आठ-बारा दिवसांनी ताप व पुरळ येई. तीच लस दुसऱ्यांदा टोचली की हा काळ आखडे. ह्या मधल्या काळाचा अर्थ लावताना पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक ह्यांना शरीराच्या 'बदललेल्या प्रतिसादा'ची कल्पना सुचली. म्हणजे ज्या निरीक्षणातून हा शब्द जन्मला त्यात मुले होती, आणि विलंबही होता.

पुढे शब्दाचा अर्थ आकुंचित झाला. १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्याने अमेरिकेत, तर योहान्सन आणि बेन्निश ह्यांनी स्वीडनमध्ये, 'आयजीई' ह्या प्रतिपिंडाचा शोध लावला. खाल्ल्यावर काही मिनिटांत गांधी उठविणाऱ्या, श्वास कोंडविणाऱ्या ॲलर्जीचे कारण सापडले आणि ती रक्तात मोजता येऊ लागली. परंतु तान्ह्या बाळाच्या शौचात दुधामुळे दिसणारे रक्त, एक ते चार तासांनी होणाऱ्या लागोपाठच्या उलट्या, दोन दिवसांनी बळावणारा इसब, ह्यांचा उलगडा त्या मोजमापाने बहुधा होत नाही. ही रिकामी जागा बाजाराने 'आयजीजी'च्या लांबलचक याद्यांनी भरली. ते प्रतिपिंड मुलाने तो पदार्थ खाल्ला आहे एवढेच सांगते. ॲलर्जीच्या निदानासाठी ही तपासणी करू नये, असे युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्येच स्पष्ट केले.

मग निदान कसे करावयाचे? १९६३ साली आर्मंड गोल्डमन ह्यांनी गाईच्या दुधाच्या ॲलर्जीसाठी कसोटी मांडली : दूध बंद केल्यावर लक्षणे शमावीत, पुन्हा दिल्यावर ४८ तासांच्या आत परतावीत, आणि असे तीनदा घडावे. १९७६ मध्ये चार्ल्स मे ह्यांनी दम्याच्या मुलांना पदार्थ ओळखू येणार नाही अशा रीतीने देऊन पाहिले, तेव्हा घरच्यांनी सांगितलेले बरेचसे वावडे खरे ठरले नाही. आज इतकी कठोर कसोटी दर वेळी लावीत नाहीत. मात्र संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे बंद ठेवणे, नोंद करणे आणि पुन्हा देणे हा क्रम कायम आहे. पुन्हा देणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. उलट्यांनी एकदा मूल निपचित पडले असेल तर ते रुग्णालयातच करावे. दीर्घ खंडानंतर प्रतिक्रिया तीव्र होऊ शकते.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न प्रथम दुधाशीच येतो. १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्धवसाहत उभी राहिली आणि शहरातल्या म्हशी तेथे हलविल्या गेल्या. आरेच्या बाटलीवर येथल्या दोन पिढ्या वाढल्या. त्यामुळे दूध बाधते असे वाटले की अंधेरी-मुलुंडच्या घरांत पहिला उपाय दूध बदलण्याचा असतो : म्हशीचे सोडून गाईचे, नाहीतर बकरीचे. ह्या तिन्ही दुधांतील प्रथिने इतकी सारखी, की बदल सहसा व्यर्थ जातो. बाळ अंगावर पीत असेल तर स्तनपान न थांबवता आईनेच दुधाचे पदार्थ काही आठवडे वर्ज्य करावयाचे असतात, आणि तिच्या चुन्याची भरपाई करावयाची असते. शौचात रक्त दिसणारी बहुतेक बाळे वर्षाच्या आसपास दूध पचवू लागतात. परंतु पुन्हा दिलेच नाही, तर ते कळावे कसे?

आमच्या सहकारी बाईंनी दोनशे पानी वही घातली. डावीकडे खाल्लेले, उजवीकडे दिसलेले, प्रत्येकापुढे वेळ. चार महिन्यांत सव्वीस पदार्थांपैकी पंचवीस ताटात परतले. अंडे दोनदा दिले, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी खाज वाढली. तेवढे थांबले आहे, आणि डॉक्टरांनी वर्षभराने पुन्हा पाहू असे सांगितले आहे. गेल्या महिन्यात मुलाने वर्गातल्या वाढदिवसाला सर्वांबरोबर बसून पेढा खाल्ला. त्या रात्री वहीच्या उजव्या बाजूस त्याच्या आईने लिहिले : काही नाही.