डक ट्रकाचे पुनरुज्जीवन

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बनवलेला डीयूकेडब्ल्यू हा उभयचर लष्करी ट्रक 'डक' या नावाने ओळखला जातो. रस्त्यावर तो सहा चाकांवर धावतो आणि पाण्यात प्रोपेलरच्या साहाय्याने होडीसारखा चालतो. युद्धानंतर उरलेले असे ट्रक विकत घेऊन, घराच्या आवारात किंवा शेतावरच्या कोठारात त्यांची दुरुस्ती करून ते पुन्हा चालते करण्याचा छंद मुख्यतः अमेरिका व ब्रिटन या देशांत रुजला आहे. इतर जुन्या लष्करी वाहनांच्या पुनरुज्जीवनापेक्षा हे काम वेगळे ठरते. साध्या ट्रकात एखादा भाग निकामी झाला तर गाडी वाटेत बंद पडते, पण तोच दोष डकमध्ये राहिला तर गाडी बुडते.

नाव आणि उगम

डीयूकेडब्ल्यू ही जनरल मोटर्सच्या वर्गीकरणातील अक्षरे आहेत. 'डी' म्हणजे १९४२ हे आराखड्याचे वर्ष, 'यू' म्हणजे उपयुक्त वाहन, 'के' म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची गती, आणि 'डब्ल्यू' म्हणजे मागे दोन चालक आस. बदकाशी या अक्षरांचा मुळात काही संबंध नाही. उच्चारातील साम्यामुळे सैनिकांनी ते नाव दिले आणि वाहनाच्या स्वभावाला ते इतके शोभले की तेच रूढ झाले.

नौकारचनेतील तज्ज्ञ रॉड स्टीफन्स (धाकटे), ब्रिटिश दर्यावर्दी डेनिस प्युलेस्टन आणि लष्करी अधिकारी फ्रँक स्पीर यांनी हा आराखडा सिद्ध केला. लष्कराला आरंभी त्यात रस नव्हता. १९४२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्रॉव्हिन्सटाउनजवळ तटरक्षक दलाची एक गस्तनौका वादळात वाळूच्या दांड्यावर रुतली. नेहमीच्या होड्यांना तिच्याजवळ जाता येईना, तेव्हा प्रात्यक्षिकासाठी तेथे आणलेल्या डकने नौकेवरील सात जणांना सुखरूप किनाऱ्यावर आणले. त्यानंतर विरोध मावळला. युद्ध संपेपर्यंत २१ हजारांहून अधिक डक तयार झाले. १९४३ मध्ये सिसिलीत आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीत, जेथे धक्का नव्हता अशा किनाऱ्यांवर, जहाजांतून माल उतरवून थेट आत नेण्याचे काम त्यांनी केले.

रचना

डकच्या आत जनरल मोटर्सचा अडीच टनी लष्करी ट्रक आहे. तोच सांगाडा, तेच सहा सिलिंडरांचे सुमारे ४.४ लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन आणि तेच आस. या सांगाड्याभोवती पोलादी पत्र्याचा हल, म्हणजे होडीचे बाह्य कवच, बसवलेला असतो. वाहनाची लांबी सुमारे ९.४ मीटर, रुंदी २.५ मीटर आणि रिकामे वजन जवळजवळ ६ टन आहे. वेग रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरपर्यंत, तर पाण्यात जेमतेम १० किलोमीटर. सुकाणूचक्र फिरवले की पुढची चाके आणि मागचे सुकाणू एकाच वेळी वळतात.

चालकाच्या जागेवरूनच टायरांतील हवा कमी-अधिक करण्याची सोय हे या वाहनाचे मोठे वैशिष्ट्य होय. मऊ वाळूवर हवा कमी केल्याने टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. रस्त्यावर आल्यावर पंपाने पुन्हा हवा भरता येते.

हलचा पत्रा मात्र फार पातळ आहे. जाडी केवळ १.६ ते ३.२ मिलिमीटर. इतक्या पातळ कवचाला गोळीचे वा खडकाचे भोक पडणारच, हे रचनाकारांनी गृहीत धरले होते. म्हणून तळात साचणारे पाणी बाहेर फेकणारे मोठ्या क्षमतेचे पंप बसवण्यात आले. त्यांना गती प्रोपेलरच्या दांड्याकडून मिळते. सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले तरी डक तरंगत राहू शकत असे.

पुनरुज्जीवनाचे काम

पहिली अडचण जागेची असते. घरच्या मोटारखान्यात डक मावत नाही. काम बरीच वर्षे चालते आणि तोपर्यंत गाडीवर छप्पर नसेल तर एका बाजूने दुरुस्ती आणि दुसऱ्या बाजूने गंज असा प्रकार होतो.

इंजिनाचे काम अनेकांना सर्वांत अवघड वाटते, पण प्रत्यक्षात ते तुलनेने सोपे आहे. डक ज्या ट्रकावर आधारलेला आहे, त्या मालिकेची पाच लाखांहून अधिक वाहने बनली होती. त्यामुळे इंजिन आणि गिअरपेटी यांचे सुटे भाग आजही मिळू शकतात. मूळ विद्युत यंत्रणा ६ व्होल्टची आहे. काही जण सोयीसाठी ती १२ व्होल्टची करतात, तर मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांना हा बदल मान्य नसतो. अमेरिकी लष्कराची टीएम ९-८०२ ही युद्धकालीन तांत्रिक पुस्तिका या कामातील मुख्य आधारग्रंथ होय.

खरी कसोटी हलची असते. बाहेरून ठीक दिसणारा पत्रा आतून खाल्लेला असतो, कारण तळातील सांदींत वाळू, चिखल आणि खारट ओल वर्षानुवर्षे साठून राहते. पत्र्याची उरलेली जाडी मोजून, खराब भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो. सलग लांब वेल्डिंग केल्यास पातळ पत्रा तापून वाकतो. म्हणून जागा बदलत थोडे थोडे काम करतात. गंज काढण्यासाठी वाळूचा जोरदार मारा केला तरी तोच धोका असतो. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो घासताना मुखवटा आवश्यक आहे. जोड पक्का झाला की नाही हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. एका बाजूला खडूचे पांढरे पाणी लावून वाळू देतात आणि दुसऱ्या बाजूला रॉकेल पुसतात. सूक्ष्म फट असेल तर पांढऱ्यावर रॉकेलचा डाग उमटतो.

पत्र्यापेक्षाही महत्त्वाच्या आहेत त्यातील मूळच्या वाटा. इंजिन हलच्या आत आणि आस बाहेर असल्याने गती देणारे दांडे हल भेदून बाहेर जातात. त्या प्रत्येक जागी पाणी अडवण्यासाठी रबरी आवरण असते व ते धातूच्या पट्ट्यांनी आवळलेले असते. हे आवरण दिसत नाही, स्वस्त असते आणि जुने झाले की तडकते. हौशी कारागीर रंगावर आणि युद्धकालीन खुणांवर महिने घालवतात. या आवरणांना तितका वेळ क्वचितच मिळतो.

अपघात आणि त्यांतून मिळालेले धडे

१९४६ पासून विस्कॉन्सिन राज्यातील डेल्स येथे डकमधून पर्यटकांना फिरवण्यास सुरुवात झाली आणि पुढे अनेक शहरांनी तिचे अनुकरण केले. या सहलींतील अपघातांच्या अधिकृत चौकश्यांत पुनरुज्जीवन करणाऱ्यालाही उपयोगी पडणारी माहिती आहे.

१ मे १९९९ रोजी आर्कान्सा राज्यातील हॉट स्प्रिंग्जजवळ लेक हॅमिल्टनमध्ये एक डक बुडाला. त्यावरील २१ जणांपैकी १३ जणांचा मृत्यू झाला. दांड्याभोवतीचे रबरी आवरण निसटून पाणी आत शिरले होते. देखभाल अपुरी होती, पाणी भरल्यावर तरंगण्याची कोणतीही राखीव क्षमता गाडीत नव्हती आणि वर पसरलेल्या छतामुळे प्रवाशांना बाहेर पडता आले नाही, असे चौकशीत आढळले. हे छत पर्यटकांच्या सोयीसाठी नंतर बसवलेले होते.

यावर उपाय म्हणून रिकाम्या जागांत तरंगणारा फोम भरण्याची पद्धत आली, पण तिचेही धोके आहेत. जून २०१३ मध्ये लिव्हरपूलच्या गोदीत एक डक बुडाला, तेव्हा त्यात आवश्यकतेपेक्षा कमी फोम असल्याचे उघड झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडन येथे थेम्स नदीत दुसऱ्या डकला आग लागली. फिरत्या दांड्यांना घासून फोम पेटला असावा, असा निष्कर्ष निघाला. दोन्ही वेळा सर्व प्रवासी वाचले. फोम पुरेसा हवा, पण फिरत्या व तापणाऱ्या भागांपासून दूर पक्का बसवलेला हवा, ही गोष्ट घरी काम करणाऱ्यालाही तितकीच लागू पडते.

देखभाल

ब्रिटनच्या रॉयल मरीन्सनी डेव्हनमधील इन्स्टो येथील प्रशिक्षण केंद्रात २०१२ पर्यंत डक वापरले. सत्तर वर्षे जुने वाहन नियमित देखभालीने सेवेत राहू शकते, याचे ते उदाहरण होय.

दुरुस्त झालेल्या डकची पहिली चाचणी उथळ व शांत पाण्यात, किनाऱ्याशी दोर बांधून घेणे इष्ट असते. या वेळी तळाच्या फळ्या उघड्या ठेवून प्रत्येक रबरी आवरण प्रत्यक्ष पाहता येते. समुद्रातून आल्यावर गाडी आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवावी लागते. आसांतील तेल पांढुरके दिसले तर त्यात पाणी गेले असे समजून ते बदलतात. गाडी उभी असताना पावसाचे पाणी निघून जावे यासाठी तळाची बुचे उघडी ठेवली जातात. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येक बूच हाताने तपासून बंद केले जाते.