कुत्र्यांमधील गोचीड ताप

गोचीड ताप हे गोचिडांमार्फत कुत्र्यांना होणाऱ्या रक्तसंसर्गांचे प्रचलित नाव आहे. एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू आणि बबेसिया हे एकपेशीय परजीवी ही त्याची प्रमुख कारणे होत. बबेसिया गिब्सोनाय ही जात १९१० मध्ये मद्रास येथील शिकारी कुत्र्यांत आढळल्याची नोंद आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांचे उष्ण, दमट हवामान गोचिडांना पोषक असून पाड्यांवरील व चिकूच्या वाड्यांतील राखणीचे कुत्रे बहुधा मोकळे फिरतात.

== लक्षणे ==
चावा घेतल्यानंतर एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, कुत्रा अन्न सोडतो व मलूल होतो. नाक कोरडे असणे ही लोकप्रिय खूण भरवशाची नाही; हिरड्या पाहणे अधिक उपयुक्त ठरते. निरोगी हिरड्या गुलाबी असतात, रक्तक्षयात त्या फिकट पडतात. बबेसियाच्या संसर्गात लघवी गडद तांबडी होऊ शकते. एर्लिकियाच्या संसर्गात बिंबिका घटल्याने नाकातून रक्त येते. मात्र काही कुत्रे मधल्या काळात महिनोन्‌महिने धडधाकट दिसतात, त्यामुळे रोग उशिरा लक्षात येतो.

== उपाय ==
निदान रक्ततपासणीने होते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारणतः चार आठवडे देतात; बबेसियाची औषधे वेगळी आहेत. माणसांसाठीची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही औषधे कुत्र्यांना घातक ठरू शकतात. गोचिडांवर रॉकेल चोळणेही विषारी आहे. त्या चिमट्याने त्वचेलगत धरून काढतात. तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत अंडी घालत असल्याने केवळ कुत्रा स्वच्छ करून भागत नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.